श्वेतबटू आणि भट्टी नंबर तीन

६ जानेवारी, मंगळवार

आजपासून कंपनीच्या कॅन्टीनमध्ये जेवणासोबत लिंबाची फोड मिळणार नाही.

एकोणतीस वर्षं आणि सात महिने ज्याने या संस्थेची इमानेइतबारे सेवा केली, त्या माणसाच्या ताटात आज दुपारी साडेबारा वाजता वरण होतं, भात होता, कोबी होता (कोबी असतोच, कोबी हा या कंपनीचा मूळ संस्थापक असावा), आणि डाव्या हाताला, मिठाच्या शेजारी, एक रिकामी जागा होती. नोटीसबोर्डावर कारण दिलंय: 'खर्चाचे सुसूत्रीकरण'. एका लिंबाच्या आठ फोडी करत होते. म्हणजे माझ्या वाट्याचं जे सुसूत्रीकरण झालं ते एक अष्टमांश लिंबाचं. मी ताट घेऊन तिथेच उभा राहिलो. मागून कोणीतरी म्हणालं, "सर, शोकसभा असेल तर बाजूला घ्या, वरण संपतंय."

ही डायरी बायकोने, चित्राने, दिली आहे, रोजचा रक्तदाब लिहायला. रक्तदाब लिहिला नाही. कारण वर दिलंच आहे.

कारणामागचं कारणही लिहून ठेवतो. आमची चाकणची कंपनी गाड्यांचे गिअर बनवते. गिअर नऊशे वीस अंशांवर भाजून, तेलात बुडवून कडक करायचं खातं माझं. विजेवरच्या गाड्यांना गिअर लागतात नावापुरते. तीन भट्ट्यांपैकी तिसरी आता आठवड्यातले चारच दिवस पेटते. लिंबू हा फक्त पहिला बळी आहे, हे न कळण्याइतका मी साधा नाही.

७ जानेवारी, बुधवार

साधाच होतो. दुसरा बळी मी.

एचआरच्या अपेक्षाने केबिनमध्ये बोलावलं. सव्वीस-सत्तावीसची मुलगी, स्वभावाने गोड. अशा कामासाठी अशा नावाची मुलगी नेमणाऱ्याचं मला कौतुक वाटतं. तिने एक फॉर्म पुढे सरकवला. त्यावर दोन चौकोन. एक: स्वेच्छानिवृत्ती, शेवटचा दिवस २८ फेब्रुवारी. दोन: होसूरच्या प्लांटला बदली. कुठल्यातरी एकावर खूण करून ३१ जानेवारीपर्यंत द्यायचा. भट्टी नंबर तीन मार्चमध्ये कायमची बंद. "सर, वेळ घ्या," ती म्हणाली. चोवीस दिवस घेतो, म्हटलं.

घरी काही बोललो नाही. फॉर्म टेबलाच्या खणात, वॉरंटी कार्डांच्या खाली ठेवला. त्या खणात आमच्या घरातलं कोणी कधी हात घालत नाही.

८ जानेवारी, गुरुवार

गुरुवारची साप्ताहिक सुट्टी. चित्राने जेवताना अचानक विचारलं, होसूर तमिळनाडूत येतं की कर्नाटकात. शब्दकोडं सोडवत असणार. तमिळनाडूत, सांगितलं. "उकाडा असेल," ती म्हणाली आणि भाकरी वाढली. भाकरी मी मागितली नव्हती.

९ जानेवारी, शुक्रवार

बसमधून उतरतो तोच आमच्या पुनावळ्याच्या ज्येष्ठ नागरिक संघाचे अध्यक्ष दादासाहेब यांचा फोन. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर संघात दरवर्षी एक व्याख्यान असतं. मागच्या वर्षी गुडघ्यांवर झालं. यंदा विषय ठरलाय: मरणाऱ्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांवर जीवसृष्टी असू शकेल का. वक्ता म्हणून त्यांनी मला निवडलंय.

मी विचारलं, दादासाहेब, हा विषय ज्येष्ठ नागरिकांनी स्वतः मागितला का? ते म्हणाले, व्हय, एकमतानं. मग मला का? तर म्हणाले, "तुमी भट्टीवालं. तारा म्हंजी काय, भट्टीच की."

यात तथ्य आहे. परिसरात माझ्याबद्दल एक मत तयार झालेलं दिसतं. मला याची कल्पना नव्हती. जरा आढेवेढे घेऊन हो म्हटलं.

घरात शिरलो तेव्हा चित्रा फोनवर बोलत होती: "... नाही, नाही, माझं नाव नको." मला पाहून फोन ठेवला. ती शिकवते त्या शाळेतलं काहीतरी असणार. सही करायला ती कुठेच तयार नसते.

१० जानेवारी, शनिवार

आमची ओवी पदार्थविज्ञानात एम.एस्सी. करते. तिला म्हटलं, बाईसाहेब, बापाला तारे शिकवा. तिने लॅपटॉप उघडला, सगळी चित्रं तयारच होती. तरुण पिढी फार वेगाने काम करते.

तीन तासांत कळलं ते असं. सूर्यासारखा तारा अब्जावधी वर्षं नीट चालतो. इंधन संपत आलं की फुगतो, तांबडा होतो, जवळचे ग्रह गिळतो. (आमच्याकडे याला विस्तारीकरण म्हणतात. बंद पडण्याआधी प्रत्येक कंपनी करते.) मग वरची सालं अवकाशात झटकून देतो आणि मध्ये उरतो पृथ्वीएवढा एक गोळा. त्याला श्वेतबटू म्हणायचं. आत जळण नाही, जळणं नाही. पूर्वी कमावलेली उष्णता, तेवढीच. असे श्वेतबटू आकाशगंगेत अब्जावधी पडलेत. प्रश्न हा, की त्याच्या अगदी जवळ एखादा ग्रह असला तर त्यावर पाणी, हवा, एखादा जीव असेल का?

अगदी जवळ म्हणजे इतकं जवळ, की तिथलं वर्ष अकरा-बारा तासांत संपतं. दीड शिफ्टचं वर्ष! दिवसातून दोनदा दिवाळी. बोनसचं काय करत असतील, हे विचारलं. ओवी म्हणाली, बाबा, सीरियस. शिवाय त्या ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे. म्हणजे अर्ध्या लोकांना जन्मभर फर्स्ट शिफ्ट, अर्ध्यांना जन्मभर नाइट. युनियन नसणार.

आणि एक मोठी अडचण. जवळचे सगळे ग्रह तर ताऱ्याने फुगताना गिळलेले. मग हा आला कुठून? ओवी म्हणाली, लांबून. दूर कुठेतरी होता, मागाहून आत सरकला.

"म्हणजे बदली होऊन आला," मी म्हणालो.

ओवीने चित्राकडे पाहिलं. चित्राने तिच्याकडे. कोणी हसलं नाही. विनोद चांगला होता.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. दिवसभरात एकवीस जणांनी गोड बोलायला सांगितलं. जे मला ओळखतात त्यांनी आग्रहाने सांगितलं.

१५ जानेवारी, गुरुवार

सुट्टी. चित्रासमोर भाषणाची तालीम केली. तिला आठवीच्या साठ पोरांना गप्प बसवायची सवय असल्यामुळे तिच्यासमोर बोलताना मलाही बाकावर उभं केल्यासारखं वाटतं. वीस मिनिटं बोललो. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "तू वाचून दाखवतोयस. तुला यातलं काही पटलेलं नाही."

खरं आहे. इथे खोटं कशाला लिहू? भट्टीवाला म्हणून मला हे पटत नाही. बर्नर बंद, गॅस बंद, विषय बंद. विझलेल्या गोळ्याभोवती कोणी कशाला राहील? ओवीला हेच म्हटलं. ती एवढी चिडेल असं वाटलं नव्हतं. "बाबा, तो विझलाय असं कोणी म्हटलं? जळायचा थांबलाय. तुम्ही ऐकतच नाही." आणि खोलीत निघून गेली. एका ताऱ्याची बाजू घेऊन बापाशी भांडणारी मुलगी आमच्या सोसायटीत तरी दुसरी नसेल.

होसूरचा विचार केला. होसूरला भट्टी आहे, म्हणजे मी आहे. भाड्याची खोली, रविवारी घरी फोन, ते जमेल. इथे राहिलो तर १ मार्चला सकाळी सात चाळीसची बस सोसायटीच्या गेटसमोर थांबेल, हॉर्न देईल आणि जाईल. मी गॅलरीतून बघत असेन, हातात काही नसेल. या दृश्यापुढे माझी लेखणी थांबते. खूण अजून कुठेच केलेली नाही.

रक्तदाब १४८/९४. चित्राच्या समाधानासाठी.

१९ जानेवारी, सोमवार

आज जे झालं ते नीट लिहितो.

ऑर्डर नाही म्हणून भट्टी नंबर तीन शनिवारी सकाळीच बंद केली होती. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी तिच्याकडे सहज गेलो. सहजच. भट्टीमागे भैरू ठोंबरे उकिडवा बसला होता. भैरू आमचा सगळ्यात जुना भट्टी ऑपरेटर. रंग बघून आतलं तापमान सांगतो, यंत्र पाच अंशांनी चुकेल, तो चुकत नाही. राहतो पुनावळ्यात, मूळ तिथलाच. आमची बी विंग त्याच्या चुलत्याच्या ज्वारीच्या रानावर उभी आहे. मी कंपनीच्या बसने येतो, तो स्वतःच्या मोठ्या पांढऱ्या गाडीने. पण गेटच्या आत तो मला साहेब म्हणतो आणि मी त्याला अरे-तुरे करतो, ही औद्योगिक क्रांतीची कृपा.

त्याने भट्टीच्या कडेच्या लोखंडी पट्टीवरून डबा उचलला, उघडला. वांग्याची भाजी, भाकरी. वाफ आली.

मी विचारलं, भट्टी तर परवा बंद केली ना?

"व्हय. आज तिसरा दिस," भैरू म्हणाला. "आतल्या इटा लवकर न्हाई निवत साहेब. उद्यापतुर डबा गरम ऱ्हातोय. पेटल्यावर उलट डबा करपतो. खरी ऊब बंद झाल्यावरच."

मी त्या पट्टीवर हात ठेवला. गाईच्या पाठीसारखी कोमट होती. तीस वर्षं मी या भट्ट्यांचे आलेख काढतोय. विटा भेगाळू नयेत म्हणून भट्टी सावकाश थंड करायची, हे शिकाऊ मुलांना मीच शिकवतो. पण थंड होणारी भट्टी म्हणजे माझ्या लेखी नुकसानीचे तास होते. त्या तासांत कोणी जेवत असेल हे कधी डोक्यातच आलं नाही.

भैरूने अर्धी भाकरी पुढे केली. खाल्ली. वांगं उत्तम होतं. मग तो फार सहजपणे म्हणाला, "तुमीच मेमो दिल्ता यासाठी."

मला आठवेना. भैरूला तारीखसुद्धा पाठ होती. २०११ साल, नोव्हेंबर. मी तेव्हा नवा मॅनेजर, खातं शिस्तीत आणत होतो. भट्टीवर डबा दिसला आणि भैरूला लेखी मेमो दिला. मला खरंच काही आठवत नाही. 'उत्पादनाच्या यंत्रसामग्रीचा खासगी व घरगुती कारणासाठी गैरवापर. पुनरावृत्ती झाल्यास गंभीर दखल' असं काहीतरी असेल. खाली हिरव्या शाईत सही.

भैरू म्हणाला, त्याला त्याचं काही नाही. डबा तर तो ठेवतच राहिला, फक्त मागच्या बाजूला. पण मेमो फायलीत राहिला. पंचवीस वर्षं भरली तेव्हा सत्काराच्या यादीत त्याचं नाव आलं नाही, कारण फाईल स्वच्छ लागते. त्याने स्वेच्छानिवृत्तीचा फॉर्म पहिल्याच दिवशी भरून दिलाय. आता २८ फेब्रुवारीला निरोप समारंभ. स्वच्छ फाईलवाल्यांना घरच्यांसकट स्टेजवर बोलावणार, शाल, फोटो. बाकीच्यांना पाकीट गेटवर.

"म्हातारी इचारती कवा हाय परोग्राम," तो म्हणाला. म्हातारी म्हणजे त्याची आई, तानुबाई. ऐंशीच्या पुढची. "तिला सांगितलं, असला काय परोग्रामच न्हाई."

मग डबा धुवायला उठला. जाता जाता मला म्हणाला, "तुमचं काय ठरलं? व्हसूर?"

ही बातमी याला कोणी सांगितली देव जाणे. चित्राला नाही, ओवीला नाही, आणि भैरूला ठाऊक!

२२ जानेवारी, गुरुवार

सुट्टी. भाषण नव्याने लिहिलं, आता त्यात भट्टी आहे. शनिवारी बंद केलेली भट्टी, सोमवारचा गरम डबा. सगळं एकदम जागेवर बसलं. श्वेतबटू अब्जावधी वर्षं निवत राहतो. त्याच्याजवळच्या ग्रहाला एवढा वेळ पुरे. पृथ्वीवर पहिला जीव याहून कमी वेळात झाला. ओवीला वाचून दाखवलं. ती नाक पुसून म्हणाली, सर्दी झालीय.

तिच्या लॅपटॉपवर चित्रांची फाईल उघडताना नाव दिसलं: 'बाबा अंतिम ३'. तारीख ८ जानेवारी. दादासाहेबांचा फोन नऊ तारखेचा. विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपची घड्याळं कधीच बरोबर नसतात, मी तिला सेटिंग बघायला सांगितलं. "बघते," म्हणाली.

२६ जानेवारी, सोमवार

संघाच्या पटांगणात दीडशे लोक. झेंडावंदन आठला, व्याख्यान साडेनऊला, जिलेबी व्याख्यानानंतर. हा क्रम दादासाहेबांनी मुद्दाम ठेवला, नाहीतर माणसं थांबत नाहीत म्हणे. म्हणजे विश्वातली जीवसृष्टी आणि दीडशे ज्येष्ठांची जिलेबी यांच्यामध्ये मी एकटा उभा होतो. पहिली पाच मिनिटं सगळ्यांची नजर माझ्या उजव्या खांद्यावरून पलीकडे कढईकडे होती.

मग मी भट्टी काढली. कढईवरची नजर माझ्यावर आली. या गर्दीत निम्मे लोक पिंपरी, भोसरी, चाकणच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले. भट्टी, शिफ्ट, डबा, हे शब्द ऐकून त्यांच्या पाठी ताठ झाल्या. दीड शिफ्टचं वर्ष म्हटल्यावर हशा. 'बंद भट्टीच्या कडेला आम्ही डबे ठेवायचो, तिसऱ्या दिवशीही भाजीतून वाफ यायची' म्हटल्यावर शेवटच्या रांगेतून एकाने सरळ टाळी वाजवली. मग सांगितलं, आजवर असा जीव कुठे सापडलेला नाही. एका श्वेतबटूभोवती गुरूसारखा मोठा ग्रह असल्याचं दिसलंय, बस. पण शोधायला एक सोय आहे: श्वेतबटू लहान, त्यामुळे लहानसा ग्रह समोरून गेला तरी त्याला जवळजवळ झाकून टाकतो. ओवीने बल्बसमोर जिलेबी धरून दाखवली. हे आमच्यात ठरलं नव्हतं. विज्ञानप्रसाराला भोकं पडली, पण मुद्दा पोहोचला.

शेवटी प्रश्न. पहिल्या रांगेतून एक फार वृद्ध बाई, डोक्यावर पदर, उठायचा प्रयत्न करत होत्या. दादासाहेबांनी बसूनच विचारा म्हटलं. त्या म्हणाल्या, "तितं कुनी ऱ्हात आसंल, तर त्येस्नी म्हाईत आसंल का, आपला सूर्य इझलाय म्हून?"

हा प्रश्न ओवीच्या चित्रांत नव्हता, माझ्या कागदातही नव्हता. मी काय बोललो ते आठवून लिहितो. म्हणालो, त्यांना माहीत नसणार. ते डोळे उघडतील तेव्हापासून तो तेवढाच असेल. आधी तो केवढा होता, काय काय जाळत होता, हे सांगायला तिथे कोणी नाही. त्यांच्या हिशोबी तोच सूर्य. सकाळी तोच, ऊनही त्याचंच.

बाई म्हणाल्या, "मंग काय आडलंय," आणि खाली बसल्या. मी कागद घडी करून खिशात ठेवला. दादासाहेबांनी तेवढ्यात जिलेबी जाहीर केली.

चित्रा मागे उभी होती. डोळ्यांत धूर गेला म्हणाली. कढई फारच जवळ ठेवली होती.

जिलेबीच्या रांगेत भैरू भेटला. पांढरा शर्ट, इस्त्रीचा. प्रश्न विचारणाऱ्या बाईंच्या पाठीला हात देऊन उभा. त्याच तानुबाई. मी नमस्कार केला. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली, चांगलं सांगितलंस म्हणाल्या आणि कोणत्या कंपनीत आहेस विचारलं. भैरूने त्यांना खुर्चीवर बसवलं आणि माझ्याकडे वळला. भाषण चांगलं झालं म्हणाला. मग डोळे मिचकावून, अगदी हळू:

"साहेब, 'आमी डबे ठिवायचो' म्हनला. तुमी कवा ठिवला?"

आणि जिलेबी घ्यायला निघून गेला.

२७ जानेवारी, मंगळवार

काल संघाच्या ग्रुपवर माझा फोटो आला, त्याखाली अठ्ठावन्न अंगठे. तीन शाळांनी व्याख्यानाला बोलावलंय. एका शिक्षिकेने लिहिलंय: 'बंद भट्टीवरच्या डब्याचा आपला दृष्टान्त अप्रतिम.' आपला! मी तिला 'धन्यवाद' असं उत्तर दिलं. दिलं, आणि मग तासभर मोबाइल उलटा ठेवला.

२९ जानेवारी, गुरुवार

विनोदी माणसाची एक सोय असते, त्याला बोचलेलं कोणाला दिसत नाही. त्यालाही दिसत नाही, बहुतेक वेळा. आज दिसलं. 'तुमी कवा ठिवला' यावर मी चार मजेदार उत्तरं तयार केली, पण भैरूपुढे यांतलं एकही चालणार नाही.

कॅन्टीनला जात नाही त्या दिवशी माझा डबा केबिनमधल्या विजेच्या पेटीत गरम होतो. कंपनीच्या विजेवर. यंत्रसामग्रीचा घरगुती वापर.

३१ जानेवारी, शनिवार

सकाळी बसमध्ये फॉर्म गुडघ्यावर ठेवून खूण केली. होसूरचा चौकोन रिकामा. बस खड्ड्यातून गेल्यामुळे खूण जरा वाकडी आली आहे, पण कुठल्या चौकोनात आहे ते स्पष्ट दिसतं.

घाबरलो नाही असं नाही. सात चाळीसची बस अजूनही डोळ्यांसमोर येते. पण आता ती गेल्यावर मला साडेनऊला चिंचवडच्या एका शाळेत पोहोचायचं असतं, असं काहीतरी चित्र पुढे दिसतं. तेवढंच. त्यापुढचं अजून दिसत नाही.

संध्याकाळी चित्राला एकदाचं सगळं सांगितलं. दोन चौकोन, चोवीस दिवस, खण, वॉरंटी कार्डं. मी बऱ्यापैकी नाट्यमय सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. गॅसवर दूध आहे, बघ."

एवढंच! तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने पहिल्यांदा काही लपवलं आणि त्यावर ही प्रतिक्रिया. मी दुधाकडे गेलो. ते उतू गेलेलं नव्हतं. मागे वळून पाहिलं तर ती आणि ओवी एकमेकींचे हात धरून उभ्या होत्या. ओवीची सर्दी अजून बरी नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

शाळा क्रमांक दोन झाली. पोरांनी विचारलं, तिथल्या जिवांना गृहपाठ असतो का. वर्ष बारा तासांचं म्हटल्यावर परीक्षाही रोज दोनदा, हे ऐकून वर्गाने जीवसृष्टीची शक्यता एकमताने फेटाळली.

डब्याचा दाखला देताना आज 'आमचे एक सहकारी भैरू ठोंबरे' असं म्हणालो. बरं वाटलं, पण पुरतं नाही. पोरांना काय, त्यांच्या लेखी भैरूही नाही आणि मेमोही नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी अपेक्षाकडे गेलो. भैरू ठोंबरेची फाईल मागितली. तिने कारण विचारलं. मी म्हटलं, मला माझा एक जुना निबंध वाचायचाय.

मेमो पिवळा पडलाय. माझी हिरवी सही मात्र जशीच्या तशी. मजकूर मला न आठवता जसा आठवला होता, तसाच निघाला, फक्त इंग्रजीत. इंग्रजी फार चांगलं होतं माझं.

मी विचारलं, हा मागे कसा घ्यायचा? अपेक्षा संगणकात बराच वेळ शोधत राहिली. मेमो द्यायचे फॉर्म सहा प्रकारचे निघाले, मागे घ्यायचा एकही नाही. आजवर कोणी घेतलाच नाही म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, ज्या अधिकाऱ्याने दिला त्याने नोकरीत असताना लिहून दिलं तर फायलीत लावता येईल. मी शनिवारपर्यंत नोकरीत आहे. तिच्याकडून एक कोरा कागद घेतला आणि तिथेच टेबलाच्या कोपऱ्यावर बसून मराठीत लिहिलं.

'नोव्हेंबर २०११ मध्ये श्री. भैरू ठोंबरे यांना मी दिलेला मेमो चुकीचा होता. भट्टी बंद केल्यानंतरही तिच्यात तीन दिवस उपयोगी उष्णता राहते, हे या खात्यात सर्वप्रथम श्री. ठोंबरे यांच्या लक्षात आले. खातेप्रमुख म्हणून ते माझ्या लक्षात यायला हवे होते. सदर उष्णतेचा त्यांनी केलेला उपयोग योग्य होता. मेमो मागे घेत आहे.'

अपेक्षाने दोनदा वाचलं. "सर, 'सर्वप्रथम' ठेवायचंच का?"

"ठेवायचंच."

तिने शिक्का मारला. शनिवारच्या समारंभाची यादी उघडली, शेवटी एक ओळ वाढवली.

"ठोंबऱ्यांना मी फोन करून सांगू, की तुम्ही सांगता?"

"यादी लागली की त्यांना कळेल. माझं नाव नको."

"बरं. सोबत घरचे किती जण लिहू?"

"एक. आई. पायऱ्या चढवणार नाहीत त्यांना, खुर्ची खाली, पहिल्या रांगेत ठेवा."

तिने लिहून घेतलं. फाईल मीच कपाटात ठेवली आणि दुसऱ्या शिफ्टचा भोंगा व्हायच्या आत खात्यात परत आलो.